फळ्याकडे तोंड करून

"समजलं का?" हा प्रश्न खोचकबाईंच्या वर्गात बंद होता. म्हणजे अगदी बंद. एक वेळ कुणी शिवी हासडली असती तर बाईंनी नुसतं चष्म्यावरून बघितलं असतं, पण कुणाच्या तोंडून "समजलं का?" निघालं, की बाईंच्या अंगाचा तिळपापड झालाच म्हणून समजा.

"अहो, चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला समजलं का विचारलंत तर तो काय सांगणार?" त्या म्हणायच्या. "हो सांगणार! चार लोकांत नाही म्हणायला त्याला काय वेड लागलंय? घरी पोरंबाळं आहेत, जावई आहेत. तो मान हलवणार, तुम्ही खूश होणार, आणि दोघंही आपापल्या घरी कोरडेच जाणार. त्यापेक्षा आरशाला विचारा की, तोही मान हलवतो."

खोचकबाई हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते वर्गानं ठेवलं, पाठीमागे. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता काही खरं नाही. पण बाई उलट खूश! "खोचकच आहे मी," त्या म्हणाल्या. "गुळमुळीत बाई हवी असेल तर पलीकडच्या गल्लीत शिवणाचा क्लास आहे, तिथल्या बाई फार गोड बोलतात." तेव्हापासून सगळे तोंडावरही खोचकबाईच म्हणू लागले.

वर्ग होता आजाऱ्यांची घरी जाऊन देखभाल करणाऱ्यांचा. छापखान्याच्या वरची एक लांबोळकी खोली. खाली यंत्र सुरू झालं की फरशीतून तळपायाला गुदगुल्या व्हायच्या. एका टोकाला फळा, समोर लिहायची फळी असलेल्या खुर्च्या, आणि मध्ये लोखंडी कॉटवर रबराचा एक पुरुषभर पुतळा कायमचा आडवा. त्याला सगळे मामा म्हणत. मामांना उचलायचं, कुशीवर वळवायचं, पुसून काढायचं, भरवायचं, आणि मामांनी कधी हूं की चूं करायचं नाही. शिकता शिकताच सकाळी कुणा ना कुणाच्या घरी उमेदवारीला जावं लागे, आणि वर्ग दुपारी चारला.

दुपारी चार! ही वेळ ज्यानं ठरवली त्याला बाईंनी मनातल्या मनात किती लाखोली वाहिली असेल ते विचारू नका. पहाटे उठून घरचं आवरलेलं, सकाळभर दुसऱ्याच्या घरी उभ्यानं काम केलेलं, पोटात नुकतंच जेवण गेलेलं, डोक्यावर पंखा, पायाखाली यंत्राची एकसुरी धडधड. अशात कुणाला झोप येणार नाही? मामा तर आधीच झोपलेले.

सुरुवातीला बाईंनी संस्थेनं दिलेलं पुस्तक वाचून दाखवलं. पान उलटायच्या आत पहिल्या रांगेतला कंडक्टर घोरायला लागला. सारा जन्म बसमध्ये तिकिटं फाडून हा माणूस निवृत्त झालेला. घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड करायचा, म्हणून बायकोनंच त्याला इथं पिटाळलं होतं. त्याच्या शेजारी आज्जी. वर्गात वयानं सगळ्यांत मोठी. नवऱ्याचं अंथरुणातलं दुखणं शेवटपर्यंत एकटीनं काढलेली, त्यामुळे आपल्याला सगळं येतं याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आणि पार मागे, खिडकीच्या कोपऱ्यात, लहान लेकरू सासूजवळ ठेवून येणारी एक तरणी बाई. तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. तिला सगळे कोपऱ्यातली म्हणत.

बाईंनी पुस्तक मिटलं आणि बाजूला ठेवलं.

"मामांना सकाळपासून लघवी झालेली नाही," त्या म्हणाल्या. "ओटीपोट फुगलंय. घरात फक्त सून आहे, आणि तिला ऑफिसला उशीर होतोय. तुम्ही काय कराल?" मग थांबल्या. खोलीभर नजर फिरवली, आणि सगळ्यात शेवटी बोट केलं. "कंडक्टर."

कंडक्टर दचकून उठला आणि झोपेतच ओरडला, "सुटे द्या!"

सगळा वर्ग खो खो हसला. कंडक्टरही हसला, काय करतो बिचारा. पण त्या दिवसापासून वर्गात कुणाचा डोळा लागला नाही.

आधी प्रश्न, मग माणूस, हे बाईंचं पक्कं ठरलेलं. आधी नाव घेतलं की बाकीचे हुश्श करून मोकळे. प्रश्न तसाच टांगून ठेवला की सगळ्यांनाच डोकं चालवावं लागतं. आणि प्रश्न टाकला की बाई गप्प बसायच्या. हे गप्प बसणं सोपं वाटतं का तुम्हाला? करून बघा एकदा. समोरचा माणूस घामाघूम होतोय, उत्तर तुमच्या जिभेवर आहे, आणि तुम्ही ते गिळून बसायचं. भल्याभल्यांना जमत नाही. बाईंना तरी कुठं सुरुवातीला जमत होतं? पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट लाल व्हायचं.

चुकलं तरी त्या चुकलं म्हणायच्या नाहीत. एकदा विषय निघाला, झोपून झोपून पाठीला लालसर डाग पडला तर काय करायचं. आज्जी पुढे सरसावलीच. "काही नाही, खसाखसा चोळायचं. रक्त खेळतं."

"बरं, चोळलंत," बाई म्हणाल्या. "मग पुढे?"

"मग आणखी लाल होईल."

"होऊ दे. मग?"

"मग… साल निघायचं कधीतरी," आज्जीचा आवाज जरा खाली आला.

"निघालं. मग?"

आज्जीनं मामांकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. "मग जखम चिघळून मेला की हो तो. नको चोळायला."

असा सगळा कारभार. आता कुणी म्हणेल, सरळ सांगून टाकायचं सोडून हा द्राविडी प्राणायाम कशाला? तर त्याचं कारण बाईंच्या आयुष्यात होतं. त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या पुरुष वॉर्डात गेली. तिथं वॉर्डबॉय आणि आजाऱ्यांचे नातेवाईक यांच्या तोंडून त्यांनी दोनच शब्द सगळ्यांत जास्त ऐकले: "हो, सिस्टर." आजाऱ्याची कूस बदलली का? हो, सिस्टर. सांगितलेलं लक्षात आहे ना? हो, सिस्टर. आणि चादर उचलून बघावं तर पाठीची पार चाळण झालेली. बाई तेव्हा ओरडायच्या, आदळआपट करायच्या. त्यानं एवढंच व्हायचं, की पुढच्या वेळी "हो, सिस्टर" आणखी लवकर यायचं. त्या "हो"चा त्यांनी असा धसका घेतला होता, की निवृत्त होऊन घरी बसल्यावरही स्वप्नात कुणी हो म्हटलं तरी दचकून जाग यायची.

घरी होती धाकटी जाऊ. दोघी भावांच्या बायका, दोघींचे नवरे पाठोपाठ गेले, आणि मागे उरल्या या दोघी आणि एक टीव्ही. "घरात बसून माझी उलटतपासणी घेता, त्यापेक्षा बाहेर जाऊन लोकांची घ्या, ताई," असं धाकटीनंच सांगितलं, म्हणून बाई या संस्थेत आल्या. आल्या त्या रमल्याच. माणसं एकेक करून बोलती होत होती, उत्तरं फटाफट येत होती, आणि तीही बरोबर! बाईंची छाती फुगली. संस्थेच्या संचालकांना त्यांनी जिन्यात गाठून ऐकवलं, "साहेब, माझ्या वर्गाला आता कुठलाही प्रश्न विचारा. एक उत्तर चुकायचं नाही."

संचालक बाईंच्या मुलाच्या वयाचे, नीटनेटके, बोलायला मिठास. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान डोलावून "समजलं ना?" म्हणायची त्यांना सवय. "छान, छान," ते म्हणाले. "असंच चालू द्या. समजलं ना?" बाईंनी दात आवळले, पण त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की सोडून दिलं.

आणि मग तो रविवार आला. जेवणं झाल्यावर दोघी जावा पत्ते खेळत बसल्या होत्या. धाकटी सारखी जिंकत होती. बाई वैतागल्या. "तू पत्ते लावतेस!"

"मी कशाला लावू?" धाकटी खुदकन हसली. "तुमच्या हातात चांगलं पान आलं की तुमची डावी भुवई वर जाते, ताई. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. सासूबाईंना माहीत होतं, भावजींना माहीत होतं, दूधवाल्याला माहीत आहे. तुमचं तोंड म्हणजे उघडी खिडकी आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

बाईंच्या हातातली पानं तशीच राहिली. एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे वर्ग आला. उत्तर देताना कंडक्टर कुठे बघतो? मामांकडे नाही, फळ्याकडे नाही. बाईंच्या तोंडाकडे. आज्जी अर्धं वाक्य बोलून थांबते आणि कुणाकडे बघते? बाईंकडे. अगं बाई गं!

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला जुनाच प्रश्न विचारला, आदल्या आठवड्यात सगळ्यांनी अचूक सोडवलेला. "झटका येऊन मामांची एक बाजू गेलीय. तोंड वाकडं झालंय, स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नाही. पण तहान लागलीय, खुणा करतायत. घोटभर पाणी पाजायचं?" एवढं विचारलं आणि बाई गोड हसल्या. डावी भुवई मुद्दाम वर केली. कंडक्टर उठला.

"पाजायचं की!" तो म्हणाला. "तहानलेल्या माणसाला पाणी नाही द्यायचं म्हणजे काय?"

बाई आणखी गोड हसल्या. "सगळ्यांना पटतं?"

"हो, बाई!" अख्खा वर्ग म्हणाला. मागे कोपऱ्यातलीनंसुद्धा मान हलवली.

"पाजलंत," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावरचं हसू पुसलं गेलं. "ते पाणी पोटात गेलं नाही, श्वासाच्या नळीतून छातीत गेलं. मामा ठसकले, काळेनिळे पडले. तुम्ही मारलंत त्यांना. गेल्याच आठवड्यात याच प्रश्नाला तुम्ही सगळे नाही म्हणाला होतात!"

"पण तुम्ही हसलात की, बाई!" कंडक्टर कळवळून म्हणाला. त्याला खरोखरच फसवल्यासारखं वाटलं होतं.

"मी हसले! आणि उद्या त्या घरातला मुलगा हसला तर? सून डोळे वटारून उभी राहिली तर? त्यांच्या तोंडाकडे बघून आजाऱ्याला पाणी पाजाल?" बाईंचा आवाज चिरकला. राग त्यांना वर्गाचा आला नव्हता, स्वतःचा आला होता. इतके दिवस आपण शिकवतोय असं वाटत होतं, आणि ही माणसं शिकत काय होती, तर खोचकबाईंची भुवई. पुन्हा तेच "हो, सिस्टर", फक्त जरा गोडीगुलाबीनं. त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं. त्यांनी ते गिळलं आणि गर्रकन फळ्याकडे तोंड फिरवलं.

"आता सांगा," त्या फळ्याला म्हणाल्या. "आता माझं तोंड तुम्हाला दिसत नाही. मामांना ताप भरलाय आणि ते असंबद्ध बडबडतायत. काय कराल? कंडक्टर."

खाली यंत्राची धडधड. कंडक्टर उभा राहिला खरा, पण काय बोलणार? डावी-उजवीकडे बघितलं, छताकडे बघितलं. बाईंची पाठ काही बोलेना. अंबाडा काही सांगेना. त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. शेवटी तो पुटपुटला, "माहीत नाही."

"उत्तम," बाई म्हणाल्या. "या वर्गातलं पहिलं खरं उत्तर."

कौतुक बाईंनी मनापासून केलं, पण कंडक्टरला ते चावलं. बसभर लोकांना दरडावून ज्यानं आयुष्य काढलं, त्यानं बायकापोरींदेखत "माहीत नाही" म्हणायचं, तेही एका पाठमोऱ्या बाईला! वर्ग सुटल्यावर तो तडक संचालकांकडे गेला. "ह्या बाई आम्हाला पाठ दाखवून शिकवतात, साहेब. आम्ही काय गुरंढोरं आहोत? हा अपमान आहे."

संचालकांनी बाईंना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. "तुमच्याबद्दल मला फार आदर आहे, सिस्टर. पण मोठी माणसं आहेत ती. त्यांना असं कोंडीत पकडायचं नसतं. मी म्हणतो, आपण धडे एकदाच नीट चित्रित करून घेऊ. पडदा लावायचा, चालू करायचं. सगळ्यांना एकसारखं ज्ञान. कुणी दुखावत नाही, कुणी चुकत नाही."

"पडदा थांबतो का?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"एखाद्याला उत्तर येईना, तर पडदा गप्प बसून वाट बघतो का?"

संचालक हसले. ते हसू बाईंना मुळीच आवडलं नाही. "पाठ दाखवणं बंद करा, सिस्टर. नाहीतर मला पडदाच लावावा लागेल. समजलं ना?"

"नाही समजलं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशीही त्या फळ्याकडे तोंड करूनच उभ्या राहिल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. धाकटीनं घरी डोक्याला हात लावला. "ताई, नोकरी जाईल. मग परत माझ्या डोक्यावर बसाल!" "बसेन," बाई म्हणाल्या. जाईना का नोकरी! पण नोकरी गेली तर हा वर्ग तोंडं बघूनच पास होणार आणि तोंडं बघूनच आजाऱ्यांच्या खाटेपाशी उभा राहणार, हे त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि ते काही केल्या गिळवत नव्हतं. म्हणून त्या हटल्या नाहीत.

पाठीला कान फुटतात म्हणतात, ते बाईंना त्या दिवसांत कळलं. कोण खुर्चीत चुळबुळतंय, कोण शेजाऱ्याला ढोसतंय, कुणाचा श्वास अडकलाय, सगळं ऐकू यायचं. हळूहळू माणसं बिचकायची थांबली. आज्जी तर भांडायलाच लागली. "बाई, तुमच्या पुस्तकात लिहिलंय ते मला पटत नाही," म्हणून एकदा तिनं पाठीशीच वाद घातला, आणि बाईंना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कंडक्टर मात्र फुगून बसलेला. तरी यायचा रोज. आणि कोपऱ्यातली? ती अजून गप्पच होती. बाईंनी तिला कधी ताणलं नाही. प्रश्न तिच्यापर्यंत जायचा, थोडा वेळ तिच्यापाशी थांबायचा, आणि पुढे जायचा.

मग एके दिवशी संचालक वर्ग भरायच्या आधीच जिन्यात उभे होते. चेहरा लाल. एका घरून तक्रारीचा फोन आला होता. झटका आलेले वडील, घोटभर पाणीही गिळता येत नाही, आणि मुलानं पाणी द्यायला सांगितलं तर उमेदवारीला आलेली बाई चक्क नाही म्हणाली. वर त्यालाच विचारते, "गिळता येतं का, हे डॉक्टरांनी बघितलंय का?" मुलानं तिला तिथल्या तिथं घालवून दिलं. ते घर संस्थेच्या हातचं गेलं.

"कोण होती?" बाईंनी विचारलं.

"ती खिडकीपाशी बसते ती."

कोपऱ्यातली! जिच्या तोंडून वर्गात एक अक्षर बाहेर पडलं नाही, ती?

"हे तुमच्या प्रश्नांचं फळ," संचालक म्हणाले. "आज वर्गाशी मी बोलणार. तुम्ही मागे बसायचं आणि एक शब्द काढायचा नाही. मी सांगतो ते त्यांनी मान्य केलं की विषय संपला, उद्यापासून पडदा. मध्ये तोंड घालायचं असेल तर आत्ताच घरी जा."

घरी जावं असं बाईंच्या मनात आलंही. पण मग त्या पोरीला या माणसापुढे एकटीला कशी सोडायची? त्या गेल्या आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला लागून, शेवटच्या खुर्चीत बसल्या. वर्गाला फक्त संचालकांचं तोंड दिसत होतं. बाईंचं तोंड बघायचं तर मान पूर्ण मागे वळवायला हवी होती, आणि तसं कुणी केलं नाही.

संचालक मामांच्या उशाशी उभे राहिले. झालेला प्रकार त्यांनी गोड आवाजात सांगितला, नाव न घेता, पण नजर खिडकीकडेच ठेवून. "आपण लोकांच्या घरी मदतीला जातो, वाद घालायला नाही. घर त्यांचं, वडील त्यांचे. ते सांगतील तसं करायचं. बरोबर आहे ना?" आणि ते हसून मान डोलवायला लागले. "समजलं ना सगळ्यांना?"

जुनी सवय ती. दोन-चार माना लगेच हलल्या. आज्जीचीही हलायला लागली आणि मध्येच अडकल्यासारखी थांबली. बाई मागून सगळ्यांच्या माना बघत होत्या. ओठ असे मिटून धरले होते की दुखायला लागले.

कंडक्टर उभा राहिला. बाईंनी डोळे मिटून घेतले. आता हा बोलणार, आणि संपलं सगळं.

"साहेब," कंडक्टर म्हणाला, "तोंड तिकडे करून विचारा."

"काय?"

"फळ्याकडे. तुमच्या तोंडाकडे बघून मी हो म्हणून जाईन, साहेब. आजवर साहेब लोकांकडे बघून मी कधी नाही म्हटलेलंच नाही. तिकडे वळा, मग विचारा."

"बाईंची तक्रार तुम्हीच केली होती ना?"

"केली होती. परत करीन! फार घाम काढतात त्या आमचा. पण ते नंतर. आधी वळा."

संचालक हसले. कुणीतरी आपल्याबरोबर हसेल म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कुणी हसलं नाही. सगळे नुसते बसून राहिले. वाट बघत बसायला ही माणसं आता चांगली सरावली होती. ती शांतता लांबत गेली, लांबत गेली, आणि शेवटी संचालकांनाच सोसवेना. "ठीक आहे, हे घ्या, वळलो," असं म्हणत, खांदे उडवत, गंमत केल्यासारखे ते फळ्याकडे वळले.

"घरच्यांनी सांगितलं," ते फळ्याला म्हणाले, "तर पाणी द्यायचं की नाही?"

मागे एक खुर्ची सरकली.

"नाही," कोपऱ्यातली म्हणाली. आवाज बारीक होता, पण खोलीभर ऐकू गेला. "परवा दिलं नाही. उद्याही देणार नाही. कुणीही सांगितलं तरी देणार नाही."

"मीही देणार नाही," कंडक्टर म्हणाला.

"मी त्या मुलाला आधी बाहेर काढीन," आज्जी म्हणाली.

संचालक वळायला लागले. "वळू नका!" आज्जी कडाडली. "तिचं बोलून झालेलं नाही."

कोपऱ्यातली अजून उभीच होती. खुर्चीची पाठ तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "आता मी विचारते, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या आईला असं झालं. गिळता येत नाही. तुम्ही घाबरलात, आईचे हाल बघवेनात, आणि तुम्ही म्हणालात, दे पाणी. आमच्यातली एक लगेच देते. एक नाही म्हणते. तुमच्या आईपाशी कुणाला ठेवाल?"

बाईंना संचालकांची पाठ दिसत होती. इस्त्रीचा शर्ट मधोमध ओला व्हायला लागला होता. त्यांना त्या माणसाची दया आली, खरंच आली. एक शब्द टाकावा, वाट करून द्यावी, असं त्यांच्या जिभेच्या टोकाशी आलं. आणि त्याच वेळी त्या पोरीकडे बघून छाती भरून आली, डोळे भरून आले, इतका राग आणि इतका आनंद एका वेळी त्यांना कधी झाला नव्हता. पण त्या बोलल्या नाहीत. वर्गही बोलला नाही. त्या माणसाला कुणीही मदत केली नाही.

खूप वेळानं संचालक काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," कंडक्टर म्हणाला.

"नाही म्हणणारीला," संचालक म्हणाले. "आईपाशी नाही म्हणणारीला ठेवीन."

"मग उद्यापासून पडदा की बाई?" आज्जीनं विचारलं. "तेवढंही तिकडे तोंड करूनच सांगून टाका."

संचालकांनी घसा साफ केला. त्यांनी मान खाली घातली, पण ते वळले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, आणि मग कुणी न सांगताच पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणाले, "बाईच."